गॅस गिझर पेटत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पहाटे साडेचारला माझा फोन वाजायला लागतो आणि थंडी सरेपर्यंत थांबत नाही. पोरगं उटणं लावून मोरीत कुडकुडतंय, गिझर नुसता टिकटिक करतोय पण पेटत नाही, नाहीतर टिकटिकपण करत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गिझर-शेगडी दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून काढतोय. आधीच एक सांगतो, आपल्याकडं गॅसच्या सिलिंडरलापण टाकी म्हणतात आणि पाण्याच्या टाकीलापण टाकी, फोनवर यानं लई घोळ होतो, तर इथं टाकी म्हणजे पाण्याचीच. आणि हे सगळं ६ लिटरवाल्या, दोन सेलवर चालणाऱ्या साध्या गिझरबद्दल आहे, बहुतेक घरात तोच असतो.

१. गिझर पेटतो कसा ते आधी सांगा, म्हणजे काय बिघडलंय ते तरी कळेल

गरम पाण्याचा नळ सोडला की पाणी गिझरमध्ये शिरतं आणि आतल्या रबरी पडद्याला, म्हणजे डायफ्रामला, ढकलतं. डायफ्राम एक पिन ढकलतो, पिन मायक्रोस्विचवरून हलते (आम्ही त्याला खटकाच म्हणतो) आणि खटका पडला की सेलचा करंट सर्किटला मिळतो. मग सर्किट एकाच वेळी दोन कामं करतं, ठिणगी पाडायला लागतं, तीच ती टिकटिक, आणि सोलेनॉइड नावाचा छोटा व्हॉल्व्ह उघडून गॅस सोडतं. जाळ लागला की बर्नरजवळची एक बारीक दांडी, सेन्सर, तो जाळ ओळखते, टिकटिक बंद होते आणि गॅस चालू राहतो. काही सेकंदात जाळ दिसला नाही तर सर्किट आपणहून गॅस बंद करतं.

म्हणजे क्रम असा, पहिलं पाणी, मग सेल, मग ठिणगी, मग गॅस, शेवटी सेन्सर. गाडी कुठल्या स्टेशनवर अडकली ते आवाजावरून कळतं. म्हणून मला फोन केला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, टिकटिक येते का? लोक म्हणतात अहो ते सोडा तुम्ही या आधी. मी येतो, पण नळाजवळ कान लावला असता तर कदाचित माझी फेरी आणि तुमचे पैसे दोन्ही वाचले असते.

२. नळ सोडला तरी काहीच आवाज नाही, टिकटिकसुद्धा नाही. सर्किट गेलं का?

बहुतेक वेळा नाही. सर्किट सगळ्यात शेवटी बघायचं, जरी काही मेकॅनिक सगळ्यात आधी तेच बदलायला काढत असले तरी. आवाजच नाही म्हणजे एकतर सेल गेलेत नाहीतर पाण्याचा जोर खटका पाडायला पुरत नाही. सेलचं पुढच्याच प्रश्नात आहे, पाण्याचं प्र. ४ मध्ये.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी सांगतो. गिझरचा पाण्याचा नॉब, म्हणजे ज्यावर कमी-जास्त लिहिलेलं असतं किंवा थेंबाचं चित्र असतं तो, कमीवर फिरवा. यानं पाणी थोडं येतं पण जास्त गरम होतं, आणि काही गिझर कमी जोरातपण चालू होतात. मग बाकीचे सगळे नळ बंद करून फक्त गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा. टिकटिक आली तर खटका आणि सर्किट ठीक आहेत, दुखणं पाण्याचं आहे. नवीन सेल टाकून आणि पाणी धो धो येत असूनपण आवाज नसेल तरच खटका, त्याच्या वायरी किंवा डायफ्राम. डायफ्राम फाटला असेल तर बऱ्याचदा गिझरच्या खालून पाण्याचे थेंब पडतात, ते बघून ठेवा आणि मेकॅनिकला सांगा.

३. सेल तर चांगले आहेत, घड्याळात टाकून बघितले, चालतंय की घड्याळ

हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय! अहो, भिंतीवरच्या घड्याळाला करंट लागतो नावापुरता, मरायला टेकलेल्या सेलवरपण ते महिनोन्महिने चालतं. गिझरला ठिणगी पाडायची असते आणि वर सोलेनॉइड ओढून धरायचा असतो, तेवढा जोर त्या सेलमध्ये राहिलेला नसतो. मीटर लावला तरी नुसता सेल १.५ व्होल्टच्या जवळ दाखवतो आणि लोड आला की बसतो. त्यामुळं टेस्ट एकच, दोन नवे सेल आणून टाका.

जाडे सेल लागतात, टॉर्चचे असतात ते, डी साइझ म्हणून मागा. दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा असं नको, जुना नव्यालापण खाली ओढतो. अल्कलाइन मिळाले तर जास्त टिकतात. रिचार्जेबल टाकू नका, ते १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून २.४ होतात आणि गिझरला ३ व्होल्ट पाहिजेत, काही गिझर चालतात पण थंडीत दगा देतात. सेल उलटे घातले म्हणूनपण फोन येतात, हसू नका, अंधारात आणि घाईत कुणाचंही होतं, सेल बॉक्सवर अधिक-वजा लिहिलेलं असतं ते बघून घाला. बॉक्सच्या स्प्रिंगवर हिरवी-पांढरी भुकटी दिसली तर सेल काढून पॉलिश पेपरनं घासा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. बाथरूमच्या वाफेनं हे होतंच. आणि घर महिना-दोन महिने बंद ठेवून जाणार असाल तर सेल काढून ठेवा, आतच फुटले तर बॉक्स बदलावा लागतो.

४. पाणी येतंय की नळाला, मग प्रेशर कमी कसं म्हणता?

येणं वेगळं आणि जोरात येणं वेगळं. गिझरला किती प्रेशर लागतं ते त्याच्या पुस्तकात किंवा बाजूच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, बऱ्याच मॉडेलला ०.२ ते ०.३ बारच्या आसपास. हिशोब सोपा आहे, टाकीतलं पाणी गिझरपेक्षा १० मीटर वर असेल तर १ बार मिळतो, म्हणजे १० फूट वर असेल तर जेमतेम ०.३, आणि त्यातलं थोडं पाइपच्या वळणात जातं. म्हणूनच अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावाल्यांचा गिझर मस्त चालतो आणि सगळ्यात वरच्या मजल्यावाले, ज्यांच्या डोक्यावरच टाकी आहे, ते मला शिव्या घालतात. टाकी जवळ आहे म्हणजे जोर जास्त असं नसतं, उलटं असतं. त्यांना एकतर टाकीखाली स्टँड वाढवावा लागतो नाहीतर छोटा प्रेशर पंप.

काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी आलं म्हणजे आता गिझर चालेल असंपण काहीजण समजतात. महापालिकेच्या लाइनला कितीही जोर असू दे, तुमचं बाथरूम गच्चीवरच्या टाकीवर असेल तर त्या जोराचा काही उपयोग नाही, पाणी टाकीत पडलं की जोर संपला.

काल चालत होता आणि आज नाही असं असेल तर जाळी बघा. गिझरला पाणी जिथं शिरतं त्या नटाच्या आत बारीक जाळी असते. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ येतं तेव्हा आणि टाकी धुतल्यानंतर लगेच ती गाळानं भरते. पाण्याचा कॉक बंद करायचा, पान्यानं नट सोडायचा, जाळी काढून जुन्या टूथब्रशनं धुवायची, वायसर जागेवर बसवून परत घट्ट करायचं. दहा मिनिटांचं काम, पण प्लॅस्टिकचा नट असेल तर जोर लावून पिळू नका, चिरतो.

शॉवरचं वेगळं सांगतो. बोअरच्या पाण्यानं शॉवरची भोकं क्षारानं बंद होतात, मग बादलीच्या नळावर गिझर पेटतो आणि शॉवरवर पेटत नाही. शॉवर काढून रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाका. मिक्सर नळ असेल तर गार बाजू पूर्ण बंद करून बघा, गार पाणी जास्त सोडलं की गरम बाजूचा प्रवाह घटतो आणि खटका सुटतो.

५. टिकटिक जोरात येते पण जाळच लागत नाही

म्हणजे पाणी, खटका, सेल आणि ठिणगी बहुतेक ठीक, अडलंय गॅसपाशी. बघायचा क्रम असा: रेग्युलेटरचा नॉब चालूच्या बाजूला आहे का, लाइनवर मधे कॉक असेल तर तो उघडा आहे का (घरात कुणीतरी रात्री बंद केलेला असतो आणि सकाळी कबूल करत नाही), सिलिंडरमध्ये गॅस आहे का. सिलिंडर उचलून अंदाज येत नसेल तर ओलं फडकं उभं फिरवा, ज्या भागात आत गॅस पातळ रूपात आहे तो भाग उशिरा वाळतो, वरचा लवकर वाळतो. रेघ दिसते चक्क.

नुकताच सिलिंडर बदलला असेल तर नळीत हवा असते, नळ सोड-बंद असं तीन-चार वेळा केल्यावर पेटतो. प्रत्येक वेळी जाळ लागला नाही तर नळ बंद करून अर्धा मिनिट दम धरा आणि मग परत सोडा. चार-पाच वेळेत पेटला नाही तर थांबा. टिकटिक चालू ठेवून पेटेल पेटेल म्हणत बसणं मला अजिबात आवडत नाही, कारण ठिणगीचं टोक सरकलेलं असेल तर गॅस येतोय आणि साठतोय, आणि मग काय होतं ते प्र. ८ मध्ये वाचा. गॅसचा वास आला तर सरळ प्र. ९.

६. स्वयंपाकघरात शेगडी चालते, मग त्याच सिलिंडरवर गिझर का पेटत नाही?

शेगडीचा एक बर्नर तासाला जेवढा गॅस खातो त्याच्या पाच-सहा पट गिझर खातो. ६ लिटरचा गिझर पूर्ण चालवला तर तासाला ८००-९०० ग्रॅमच्या घरात जातो. त्यामुळं सिलिंडर संपत आला की शेगडीवर चहा होतो पण गिझरला पुरेसा जोर मिळत नाही, पेटतच नाही किंवा पेटून भकभक करतो. थंडीत हे जास्त होतं. सिलिंडरच्या आत गॅस पातळ असतो, त्याची वाफ होऊन तो वर येतो आणि वाफ व्हायला उष्णता लागते, ती सिलिंडर आजूबाजूच्या हवेतून ओढून घेतो. डिसेंबरच्या पहाटे हवा गार, आत गॅस थोडा, आणि मागणी एकदम मोठी, मग सिलिंडर बाहेरून ओलागार होतो आणि वाफ कमी पडते.

आणि इथं हात जोडून सांगतो, सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं, त्यावर उकळतं पाणी ओतणं, आडवा करणं, हे प्रकार करू नका. आडवा केला की पातळ गॅस नळीत शिरतो आणि गिझरमधून हातभर जाळ बाहेर येतो. दुसरा सिलिंडर लावा, तो संपत आलेला शेगडीला वापरा, फुकट जात नाही.

सिलिंडर भरलेला असून हेच होत असेल तर रबरी नळी दबली-वाकली आहे का बघा, रेग्युलेटर जुना झालाय का बघा. शेगडीच्या नळीला टी मारून गिझरला लांबलचक नळी नेलेली असते काही घरात, ती पद्धतच चुकीची आहे, जोर पण कमी पडतो आणि धोका पण. लांब न्यायचं असेल तर तांब्याची किंवा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पक्की लाइन करून घ्या एजन्सीच्या माणसाकडून, आणि टोकाला फक्त छोटी सुरक्षा नळी, ती केशरी, आत तारेची जाळी असलेली. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची.

७. पेटतो आणि चार-पाच सेकंदात विझतो, परत सोडला की परत तेच

जाळ लागला म्हणजे ठिणगी आणि गॅस पोचले. आता शंका सेन्सर दांडीवर. तिच्यावर काजळी किंवा क्षाराचा थर बसला की जाळ असूनपण सर्किटला तो दिसत नाही, त्याला वाटतं पेटलंच नाही आणि ते गॅस तोडतं. मेकॅनिक कव्हर काढून बारीक पॉलिश पेपरनं दांडी घासतो, काम झालं. दांडी वाकून जाळाच्या बाहेर गेली असेल तर परत जागेवर आणतो. पण कव्हर काढण्याआधी सेल बदलून बघा, कमी सेलवर सोलेनॉइड ओढला जातो पण धरून ठेवता येत नाही, लक्षण हुबेहूब हेच.

गिझर गॅलरीत किंवा डक्टमध्ये असेल आणि फक्त वारा-पावसाच्या दिवसात असं होत असेल तर वाऱ्यानं जाळ हलतोय. आषाढातला पावसाळी वारा काय असतो ते कळंबा-फुलेवाडीच्या बाजूला मोकळ्या प्लॉटवर राहणाऱ्यांना सांगायला नको. आडोसा करा, पण गिझरला चारी बाजूनं पत्र्याच्या पेटीत कोंडू नका, खालून-वरून हवा पाहिजेच.

बराच वेळ नीट चालून मग बंद पडत असेल तर ते वेगळं, प्र. ११.

८. पेटताना भप्पकन आवाज होऊन भडका बाहेर येतो. पण पेटतो, म्हणून वापरतोय

वापरू नका. पेटत नाही त्यापेक्षा हे वाईट आहे आणि लोक फोन मात्र पेटत नाही तेव्हाच करतात. भडका येतो म्हणजे गॅस आधी साठतोय आणि ठिणगी उशिरा पडतीय. ठिणगीचं टोक लांब सरकलंय, त्याच्या चिनीमातीच्या नळीला तडा गेलाय आणि ठिणगी भलतीकडं पडतीय, सेल कमी आहेत, बर्नरच्या भोकात कचरा आहे, यातलं काहीतरी. सेल तुम्ही बदला, बाकीचं आमच्यावर सोडा. एका गिऱ्हाईकानं तीन आठवडे असा चालवला, कव्हरचा पत्रा काळा होऊन फुगला होता आणि त्यांच्या भुवया अर्ध्या गेल्या होत्या, तेव्हा बोलावलं.

९. गॅसचा वास येतोय, आधी काय करू?

गिझर आणि रेग्युलेटर बंद. लाइटचा कुठलाच खटका दाबू नका, चालू असेल तर चालू राहू दे, बंद असेल तर बंद. एक्झॉस्ट फॅनपण लावायचा नाही, बटणात ठिणगी पडते. दारं-खिडक्या उघडा, आणि नुसती वरची झडप उघडून भागत नाही कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली फरशीवर आणि मोरीत साठतो, दार उघडं टाका म्हणजे खालून बाहेर जाईल. घरातल्यांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊन फोन करा, १९०६ हा गॅस गळतीचा हेल्पलाइन नंबर आहे, तो चोवीस तास चालू असतो.

गळती कुठं आहे ते बघायला साबणाचं पाणी जोडावर लावायचं, बुडबुडे येतील तिथं गळतंय. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत, म्हणून लिहावं लागतं.

१०. आमचा गिझर बाथरूमच्या आतच आहे, दहा वर्षं काही झालं नाही. खरंच धोका आहे का?

आहे, आणि हा प्रश्न पेटण्याचा नसला तरी मी तो यादीतून काढणार नाही.

हिशोब करून बघा. ५ बाय ७ चं बाथरूम, ८ फूट उंची, त्यात जेमतेम ८ घनमीटर हवा. १ किलो गॅस नीट जळायला साधारण १२-१३ घनमीटर हवा लागते. गिझर पंधरा मिनिटं चालला की २०० ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो, म्हणजे अडीच घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपला. बाथरूमच्या हवेचा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला हा, दार बंद, खिडकी थंडीमुळं बंद. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तात तो ऑक्सिजनची जागा घेतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीनं जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, माणसाला वाटतं पित्त झालं, आणि पाय लटपटून खाली बसतो. दार आतून बंद असतं.

जाळ निळा पाहिजे. पिवळा, लांब, डुलणारा जाळ दिसला किंवा कव्हरवर काजळी दिसली की गिझर बंद करून सर्व्हिसिंग. गिझर बाहेर गॅलरीत किंवा मोकळ्या डक्टला लावून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्यायचा हा खरा उपाय, पाच-सहा फूट पाइप आणि एका दिवसाचं काम. ते होईपर्यंत बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडून हवा जाऊ द्या आणि मग आंघोळीला जा. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून बिनधास्त राहू नका, हवा आत यायला वाट नसेल तर फॅन नुसता फिरतो. कुणी आत पडलं तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा, १०८ ला फोन करा.

११. वीस मिनिटं झाली की आपोआप बंद होतो. आणि उन्हाळ्यात तर त्याआधीच

वीस मिनिटांचं बिघाड नाही, बऱ्याच गिझरमध्ये तसा टायमर मुद्दाम दिलेला असतो, प्र. १० वाचलात तर का ते कळेल. नळ बंद करून परत सोडा, चालू होतो.

उन्हाळ्याचं कारण दुसरं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणीच मुळात कोमट येतं, त्यात गिझर भर घालतो, पाणी ठरलेल्या तापमानाच्या वर गेलं की ओव्हरहीटचा कट मारतो. गॅसचा नॉब कमीवर करा, उन्हाळा-हिवाळा असा खटका असेल तर उन्हाळ्यावर टाका आणि पाणी वाढवा. एवढं करून आणि तेही थंडीतसुद्धा कट मारत असेल तर कॉइलमध्ये, म्हणजे पाणी तापतं त्या तांब्याच्या नळीत, क्षार साठलेत, पाणी कमी जातंय आणि उकळतंय, आत कुर्रकुर्र आवाजपण येतो. ती कॉइल सोडवून साफ करावी लागते, घरी ॲसिड ओतायच्या भानगडीत पडू नका, तांबं खाऊन टाकतं.

१२. सोलरच्या पाइपला गिझर जोडलाय, ढगाळ दिवशी उपयोग होईल म्हणून. कधी पेटतो कधी नाही

सोलरचं पाणी ४५-५० डिग्रीनं गिझरमध्ये शिरलं तर तो पेटल्या पेटल्या कट मारणार, वर सांगितलंय तसं, आणि मारायलाच पाहिजे, नाहीतर अंग भाजेल. साध्या गिझरचा डायफ्राम आणि वायसरपण सततच्या गरम पाण्यानं लवकर कडक होतात. प्लंबरकडून बायपास करून घ्या, दोन कॉक, सोलर गरम असेल तेव्हा पाणी गिझरला वळसा घालून जाईल, आणि गार असेल तेव्हा गिझरमधून. कुठला कॉक कधी ते भिंतीवर मार्करनं लिहून ठेवा, पाहुणे आले की पंचाईत होते.

१३. सिलिंडर इतक्या लवकर संपतोच कसा? गळती असेल का?

गळती आहे का ते प्र. ९ प्रमाणं साबणानं बघा. पण बहुतेकदा हिशोबच तेवढा असतो. १५ लिटरची बादली, २० डिग्रीचं पाणी ४२ पर्यंत नेलं, तर साधारण ४० ग्रॅम गॅस जातो. चार माणसं, रोज सहा बादल्या, म्हणजे २४० ग्रॅम, १४.२ किलोचा सिलिंडर दोन महिन्यांच्या आत संपला. शॉवरखाली गाणी म्हणणारं कुणी घरात असेल तर त्याहून लवकर. आमच्या आजीचा तांब्याचा बंब होता, त्यात लाकडाची ढलपी किती घातली ते डोळ्याला दिसायचं, इथं काही दिसत नाही म्हणून जास्त वाटतं.

१४. घर चार महिने बंद होतं, मुलाकडं पुण्याला होतो. आलो तर टिकटिक येते, वास थोडा येतो, जाळ एकाच बाजूला लागतो

कोळी. गंमत नाही, बर्नरच्या नळ्यांच्या तोंडाशी कोळी जाळं करतो आणि जेटमधून, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकातून, गॅस पूर्ण जात नाही, काही नळ्या पेटतात काही नाही. झुरळं आणि पालीपण निघाल्यात मला. मेकॅनिककडून बर्नर उघडून ब्रश आणि हवा मारून घ्या. जेटमध्ये सुई घालून भोक मोठं करू देऊ नका कुणाला, भोक मोठं झालं की जाळ पिवळा.

१५. आमच्याकडं आता पाइपचा गॅस आलाय. जुनाच गिझर जोडला, तर जाळ अगदी बारीक आणि विझतो

सिलिंडरचा गॅस वेगळा आणि पाइपचा वेगळा. सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन, रेग्युलेटरनंतर प्रेशर ३० मिलिबारच्या आसपास. पाइपमध्ये मुख्यतः मिथेन, घरात २१ मिलिबारच्या आसपास, आणि तेवढ्याच घनफळात त्याची ताकद निम्म्याहूनपण कमी. त्यामुळं जेटचं भोक मोठं लागतं. तुमच्या मॉडेलचा कंपनीचा कन्व्हर्जन किट असेल तर अधिकृत माणसाकडून बदलून घ्या, नसेल तर पाइपच्या गॅसचाच गिझर घ्या. उलटं तर कधीच करू नका, पाइपच्या गॅसचा गिझर सिलिंडरला लावला तर जाळ कव्हरच्या बाहेर येतो.

१६. पुरात गिझर बुडला होता. वाळवून लावला तर चालेल का?

२०१९ ला आणि परत २०२१ ला सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली या बाजूनं माझ्याकडं अशा गिझरची रांग लागली होती. सर्किट, खटका, सोलेनॉइड यांच्यात गाळ शिरलेला असतो, वाळल्यावर एखाद-दुसरा पेटतोसुद्धा, आणि तिथंच माणूस फसतो. सोलेनॉइड गाळानं अर्धवट उघडा राहिला तर गिझर बंद असतानापण गॅस झिरपतो. रेग्युलेटर आणि रबरी नळी नवीनच घ्या, त्यात घासाघीस नको, बुडालेला सिलिंडर एजन्सीला दाखवल्याशिवाय वापरू नका. गिझरचं सांगायचं तर कॉइल आणि बर्नर वाचतात, बाकी सगळं बदलावं लागतं, जुना असेल तर नवा परवडतो.

१७. मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्या घरातली गॅस फर्नेस पेटत नाही म्हणतो. तुम्हाला काही कळतं का त्यातलं?

हा प्रश्न दर जानेवारीला येतो आता, कोल्हापुरात बसून! ते मशीन पाणी नाही, हवा तापवतं, पण डोकं तेच. तिथं थर्मोस्टॅटनं, म्हणजे खोलीचं तापमान सांभाळणाऱ्या भिंतीवरच्या डबीनं, हाक दिली की आधी छोटा पंखा धूर ओढायला लागतो, तो ओढतोय याची खात्री प्रेशर स्विच करतो, आपल्या डायफ्रामचा भाऊच, मग इग्नायटर निखाऱ्यासारखा लाल होतो, मग गॅस, मग सेन्सर दांडी.

त्याला सांगा, थर्मोस्टॅट हीटवर आहे का आणि त्याचे सेल बदलले का बघ, फर्नेसचं दार नीट बसलंय का बघ कारण दाराला खटका असतो, हवेची फिल्टर शेवटची कधी बदलली ते आठव. भिंतीबाहेर पांढरे प्लॅस्टिकचे पाइप निघत असतील तर त्यांच्या तोंडाशी बर्फ साठलाय का बघ, आणि आतून पाणी बाहेर जाणारी नळी तुंबलीय का. पेटून लगेच विझत असेल तर प्र. ७ त्यालापण लागू, पण इग्नायटरला बोट लावू नको म्हणावं, तो काचेसारखा तडकतो. दाराच्या छोट्या काचेतून आत एक लाइट लुकलुकताना दिसतो, किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं, त्याचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूच्या कागदावर छापलेला असतो. तो कागद न वाचताच पोरं आईला व्हिडिओ कॉल लावतात.